दिवाडीच्या बोंदेऱ्यात पाहुणा म्हणून सामील होताना

गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा बोंदेरा हा झेंड्यांच्या मिरवणुकीचा उत्सव ऑगस्टमध्ये, ऐन पावसात भरतो. त्याला बाहेरून जाणारे बहुतेक पाहुणे मात्र तयारी करतात ती फेब्रुवारी-मार्चमधल्या पणजीच्या कार्निव्हलची. रुंद रस्ता, गाडी लावायला मोकळी जागा, मिरवणूक संपली की बाहेर पडायला चार वाटा, असे सगळे त्यांनी गृहीत धरलेले असते. दिवाडीत यातले काहीच नाही. मांडवीच्या पात्रातले हे बेट आहे, त्यावर जायला पूल नाही, गावातले रस्ते अरुंद आहेत आणि पर्यटनाचा हंगाम नसल्याने किनारपट्टीवर पाहुण्यांसाठी जे गृहीत असते ते इथे नसते. म्हणून दरवर्षी त्याच चुका होतात: कोणी चुकीच्या शनिवारी येतो, कोणी चारचाकी घेऊन धक्क्यावर तासन् तास अडकतो, कोणी मिरवणूक संपता संपता पोहोचतो, तर कोणी रात्री परतीच्या फेरीसाठी भिजत उभा राहतो.

पुढचे टप्पे पुणे, मुंबई, कोल्हापूर किंवा बेळगावहून येणाऱ्या आणि गोव्यात घर नसलेल्या वाचकांसाठी लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फेरीबोट. परतीची फेरी आधी ठरवावी आणि बाकीचा दिवस तिच्यापासून उलटा मोजत आखावा.

टप्पा १: शनिवार मोजून घ्यावा

बोंदेरा ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो. हा "शेवटचा शनिवार" असा कानोकानी पसरतो आणि ज्या वर्षी ऑगस्टमध्ये पाच शनिवार येतात त्या वर्षी माणसे आठवडाभर उशिरा पोहोचतात. २०२४, २०२५ आणि २०२६ अशी सलग तीन वर्षे ऑगस्टमध्ये पाच शनिवार येतात. २०२६ मध्ये महिन्याची पहिली तारीखच शनिवारी आहे, त्यामुळे चौथा शनिवार २२ तारखेला येतो आणि शेवटचा २९ ला. २०२७ मध्ये चारच शनिवार असल्याने चौथा आणि शेवटचा एकच, म्हणजे २८ तारीख. कॅलेंडर समोर ठेवून बोटाने मोजावे, कोणाच्या आठवणीवर विसंबू नये.

दुसरी गल्लत गावाची होते. बाहेरच्या माणसाला दिवाडी म्हणजे एक गाव वाटते, प्रत्यक्षात बेटावर पिएदाद, मालार, नारवे अशी वेगवेगळी गावे आहेत. चौथ्या शनिवारचा, सर्वांना ठाऊक असलेला बोंदेरा पिएदादचा. मालारचे लोक आपला बोंदेरा वेगळा करतात. कोणी "बोंदेऱ्याला या" म्हणून निमंत्रण दिले असेल तर कोणत्या गावाचा आणि कोणत्या तारखेचा, हे त्याच फोनवर विचारून घ्यावे.

तपासणी: तारीख, गाव आणि त्या वर्षीची मिरवणुकीची वेळ या तीन गोष्टी निघण्यापूर्वी आठ दिवस एकदा आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा पडताळाव्यात. मुक्कामाच्या घरमालकाला विचारणे सर्वांत खात्रीचे. आधीच्या वर्षीची पोस्टरे समाजमाध्यमांवर फिरत राहतात, म्हणून पोस्टरवरचे वर्ष वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

टप्पा २: तिकीट आणि मुक्काम

बिगरहंगाम आहे म्हणजे सगळे सहज मिळेल, हा समज निम्माच खरा आहे. खोल्या हंगामापेक्षा स्वस्त मिळतात हे खरे, पण प्रवासाचे तसे नाही. ऑगस्टच्या उत्तरार्धात कोकणच्या गाड्या चतुर्थीच्या गर्दीने भरलेल्या असतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे चौथ्या शनिवारपासून अवघ्या चार दिवसांवर. अशा वर्षी मुंबईहून निघणाऱ्याला ऐनवेळी रेल्वेचे आरक्षण मिळेल ही आशा सोडून द्यावी. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवावा आणि सकाळी आठला बसावे.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी करमळी हे जुन्या गोव्याला सर्वांत जवळचे स्थानक आहे. मात्र सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. थिवी किंवा मडगावला उतरावे लागले तर पुढचा तासा-दीड तासाचा प्रवास हिशेबात धरावा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक चालते आणि गाड्या मुद्दाम हळू चालवल्या जातात, त्यामुळे बोंदेऱ्याच्याच दिवशी सकाळी पोहोचणारी गाडी निवडणे म्हणजे नशिबाची परीक्षा पाहणे आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गोव्यात असावे.

मुक्कामासाठी माझा पसंतीक्रम असा आहे. बेटावर कोणाच्या घरी किंवा घरगुती निवासात खोली मिळाली तर ती भाडे जास्त असले तरी घ्यावी, कारण रात्रीच्या फेरीचा प्रश्नच उरत नाही. अशा खोल्या मोजक्या असतात आणि त्या दिवसांत गावातल्या घरांमध्ये परदेशात असलेले नातेवाईकही येऊन राहिलेले असतात, म्हणून दोन महिने आधी विचारावे. ते जमले नाही तर रायबंदर, त्यानंतर जुने गोवे आणि मग पणजी. कळंगुट-बागा या किनाऱ्याच्या बाजूला स्वस्तात खोली मिळते म्हणून जाऊ नये. परतताना मध्यरात्री पावसात तेवढे अंतर कापायला टॅक्सी मिळेल याचा भरवसा नसतो, आणि मिळाली तरी ती जे भाडे मागेल ते खोलीत वाचवलेल्या पैशांहून जास्त असते.

टप्पा ३: धक्का निवडणे

दिवाडीला जाण्यासाठी तीन फेरी आहेत आणि बहुतेक पाहुण्यांना त्यांतली एकच माहीत असते.

जुन्या गोव्याची फेरी व्हाईसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली उतरल्यावर लागते आणि ती पिएदादच्या बाजूला नेते. ती सर्वांना ठाऊक असल्यामुळे बोंदेऱ्याच्या दुपारी तिथेच सर्वांत लांब रांग लागते. रायबंदरची फेरी पणजीहून येणाऱ्याला वाटेतच पडते. ती बेटाच्या वेगळ्या टोकाला लावते आणि तिथून भातशेतीमधल्या रस्त्याने गावात यावे लागते. तिसरी फेरी बेटाच्या उत्तरेकडून, डिचोली तालुक्यातल्या नारव्याहून सुटते. चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीमार्गे येणाऱ्या बेळगावकरांनी आणि दोडामार्गवरून येणाऱ्या सिंधुदुर्गकरांनी पणजीचा वळसा घालण्याचे काहीच कारण नाही, त्यांनी थेट नारव्याला यावे. गोव्यात नारवे हे नाव नदीच्या दोन्ही बाजूंना आहे, एक बेटावर आणि एक पलीकडे डिचोलीत. त्यामुळे नकाशात नाव टाकताना तालुका पाहून घ्यावा. सप्तकोटेश्वराचे देऊळ डिचोलीच्या नारव्यात आहे, एवढी खूण पुरेशी आहे.

इशारा: मोबाइलवरचा नकाशा फेरीचा मार्ग रस्त्यासारखाच दाखवतो आणि वेळ सांगताना धक्क्यावरची रांग धरत नाही. त्याने "पंचवीस मिनिटे" म्हटले तर त्या दिवशी दीड तास धरावा.

चारचाकी पलीकडे नेऊ नये. हे मी सल्ला म्हणून सांगत नाही, बजावून सांगतो. पायी जाणाऱ्याला फेरीचे तिकीट लागत नाही आणि तो पहिल्या लागलेल्या बोटीत चढतो. गाडीवाला मात्र एका फेरीत मावणाऱ्या मोजक्या गाड्यांचा हिशेब करत धक्क्यावर बसून राहतो. पलीकडे पोहोचल्यावरही ती गाडी ठेवायला जागा नसते. मग ती कोणाच्या तरी अंगणाच्या तोंडाशी लागते आणि मिरवणुकीच्या वाटेवर आली तर चित्ररथ अडतो. एका वर्षी आमच्याच गटातल्या एकाने हट्टाने गाडी नेली. दुपारी एकला धक्क्यावर आलेला तो मिरवणूक अर्धी सरल्यावर गावात पोहोचला आणि रात्री गाडीसह परतायला त्याला आमच्यापेक्षा तीन तास जास्त लागले. गाडी जुन्या गोव्यातल्या वाहनतळावर किंवा मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावी. पणजीहून येणाऱ्याला कदंब या सरकारी बसने जुन्या गोव्याला उतरून धक्क्यापर्यंत चालत जाता येते.

भाड्याची दुचाकी नेण्यास हरकत नाही, पण ती काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच असावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणे बेकायदा आहे आणि सणाच्या दिवशी तपासणी जास्त असते. ज्याला त्या संध्याकाळी पिण्याचा विचार आहे त्याने दुचाकीचाही विचार करू नये.

टप्पा ४: अंगावर काय, पिशवीत काय

पाऊस येईल का, हा प्रश्न नसतो. तो किती वेळा येईल एवढाच असतो. जीन्स भिजली की दिवसभर ओली राहते, मांड्यांना घासते आणि चालणे नकोसे करते. सुती-मिश्र पातळ पँट किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि लवकर वाळणारा सदरा एवढे पुरे. पायात मागून पट्टा असलेली रबरी तळाची चप्पल हवी. साधी अंगठ्याची चप्पल चिखलात रुतते आणि गर्दीत कोणाच्या तरी पायाखाली येऊन तुटते. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आलेले पाहुणे दरवर्षी दिसतात आणि संध्याकाळी तेच बूट हातात घेऊन चालताना दिसतात.

छत्री नेऊ नये. अरुंद रस्त्यावर मागच्या माणसाला तिच्यामुळे काही दिसत नाही आणि तिच्या काड्या नेमक्या शेजाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. टोपीचा रेनकोट बरा.

पिशवी लहान आणि अंगाला घट्ट बसणारी असावी. तिच्यात मोबाइल आणि पैशांसाठी तोंड बंद होणारी प्लास्टिकची पाकिटे, एक कोरडा सदरा, छोटा टॉवेल, लिटरभर पाणी, ओळखपत्र, आणि साधा किंवा नंबरचा चष्मा असावा. चष्म्याचे कारण पुढे फोटाशीच्या, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीच्या, टप्प्यात येईल. लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी लेन्स घालू नयेत. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा सुट्या ठेवाव्यात, कारण गर्दी वाढली की बेटावर मोबाइलचे नेटवर्क रेंगाळते आणि क्यूआर कोड समोर असूनही पैसे जात नाहीत. गल्ल्यावर बसलेल्या बाईंना मग तुमचा फिरणारा पडदा पाहत बसावे लागते आणि मागे रांग वाढते.

तपासणी: निघण्यापूर्वी गटातल्या प्रत्येकाने एकमेकांचे नंबर कागदावर लिहून घ्यावेत आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा ठरवावी. ही जागा मिरवणुकीच्या रस्त्यावर नसावी. धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे एखादे ठळक ठिकाण पलीकडे उतरताच सर्वांनी मिळून निवडावे.

टप्पा ५: पलीकडे जाणे

मिरवणूक दुपारच्या जेवणानंतर सुरू होते, म्हणून पाहुणे जेवण उरकून निघतात आणि सगळे एकाच वेळी धक्क्यावर येतात. सकाळी अकराच्या आत पलीकडे जावे. त्या वेळी फेरी निवांत असते, गावात चित्ररथांवर शेवटचा हात फिरत असतो, आणि खरे सांगायचे तर दिवसातला सर्वांत पाहण्याजोगा वेळ हाच असतो. कागदाचा लगदा, काथ्या आणि रंग यांच्या पसाऱ्यात वाड्यातली, म्हणजे गावातल्या एकेका वस्तीतली, मुले चित्ररथाला शेवटचे खिळे ठोकत असतात. लांब उभे राहून पाहावे. रथ झाकलेला असेल तर त्याचे फोटो काढू नयेत. वाड्यावाड्यांत चुरस असते आणि दुसऱ्या वाड्याला आपला विषय आधी कळू नये असे प्रत्येकाला वाटते.

फेरीत चढताना पुढची लोखंडी फळी ओली आणि शेवाळलेली असते. तिच्यावर पाय आडवा टाकावा, धावत चढू नये, आणि बोट पुरती लागल्याशिवाय पुढे सरकू नये. चढल्यावर बाजूच्या बाकांकडे सरकावे, गाड्यांच्या मधल्या जागेत उभे राहू नये. प्रवास पाच-दहा मिनिटांचा आहे, त्यात कठड्यावर चढून सेल्फी काढण्याइतके काही नाही.

उतरल्याबरोबर एक काम करावे आणि ते विसरू नये. धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याला शेवटच्या फेरीची वेळ विचारावी. "निमाणी फेरी कितल्याक?" असे कोंकणीत विचारले तर उत्तर जरा आपुलकीने मिळते. तिन्ही मार्गांची शेवटची फेरी एकाच वेळी नसते आणि त्या दिवशी जादा फेऱ्या सोडल्या तरी त्या कुठल्या धक्क्यावरून व कधीपर्यंत, हे तिथल्याच माणसाला ठाऊक असते. मिळालेली वेळ लिहून ठेवावी आणि तिच्यातून दीड तास वजा करावा. ती तुमची निघण्याची वेळ.

टप्पा ६: मिरवणुकीत

बोंदेरा हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या झेंड्यावरून आलेला आहे आणि सारा उत्सव वाड्यांच्या झेंड्यांभोवती फिरतो. प्रत्येक वाडा आपल्या झेंड्यासह, बँडसह आणि चित्ररथासह येतो. पाहुण्याच्या दृष्टीने यातून एकच नियम निघतो, तो असा की कोणत्याही झेंड्याला हात लावू नये. झेंडा पाडण्याची लुटुपुटुची लढाई हा वाड्यांमधला खेळ आहे. त्यात कोण कोणाचा झेंडा पाडतो याला गावात अर्थ असतो, बाहेरच्या माणसाने मजेत ओढलेल्या झेंड्याला तो नसतो आणि हसण्याचे रूपांतर वादात व्हायला वेळ लागत नाही.

उभे राहण्याची जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. जागा रस्त्याच्या वळणावर नसावी, कारण चित्ररथ वळताना त्याचे मागचे टोक बाजूच्या लोकांवर येते. पाठीशी बंद भिंत नसावी, मागे सरकायला जागा हवी. आणि ती कोणाच्या घराची ओसरी नसावी. गोव्यातल्या घरांचे बलकाव, म्हणजे दारापुढच्या ओसऱ्या, बाहेरून उघडे दिसतात, बसायला सिमेंटचे बाक असतात आणि पाऊस आला की पाहुणे बिनदिक्कत आत घुसतात. ती त्या घराची बैठक आहे. घरातल्यांनी या म्हटले तर जावे, चपला पायरीखाली काढाव्यात आणि पाऊस थांबला की उठावे. घरात एखाद्या वयस्क बाई खुर्ची टाकून बसलेल्या असतील तर त्यांच्या समोर उभे राहून त्यांची नजर अडवू नये, वर्षभर त्या याच दिवसाची वाट पाहत असतात.

मिरवणुकीत सामील होणे म्हणजे तिच्या मागून चालणे. दोन चित्ररथांच्या मध्ये घुसू नये, बँडच्या ओळीत शिरू नये, रथावर चढू नये. वाड्याचा शेवटचा माणूस पुढे गेला की त्याच्या मागे मोकळी गर्दी असते, तिथे हवे तेवढे नाचावे. बँडवाले एकाच धूनवर बराच वेळ रेंगाळतात आणि पाऊस जोरात आला तरी थांबत नाहीत, तेव्हा दम राखून नाचावे. मी पहिल्या वर्षी अर्ध्या तासात थकून एका कुंपणावर टेकलो होतो, आणि माझ्या दुप्पट वयाचे एक गृहस्थ ट्रॉम्बोन वाजवत तिसऱ्यांदा समोरून गेले.

फोटो काढण्यापूर्वी माणसाकडे पाहून "फोटो काडूं?" असे विचारावे. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नयेत. ड्रोन आणू नये. वेशभूषा केलेल्या मुलींच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारे टोळके गावाला सर्वांत जास्त खटकते. गटातला कोणी तसे करत असेल तर त्याला गावकऱ्यांनी हटकण्याआधी आपण हटकावे.

इशारा: वाट कमी करण्यासाठी शेतातून जाऊ नये. ऑगस्टमध्ये भात उभे असते, बांध निसरडे झालेले असतात आणि एका माणसामागून दहा गेले की बांध ढासळतो. गवतात सापही असतात.

टप्पा ७: फोटाश

फोटाश म्हणजे बांबूची खेळण्यातली बंदूक. पाहुण्यांना याचेच सर्वांत जास्त आकर्षण असते आणि याच्याच बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडे सावकाश जातो.

बोटभर जाडीच्या पोकळ बांबूची वीतभराहून लांब नळी असते. तिच्यात घट्ट सरकणारा एक दांडा असतो आणि त्याला धरायला मूठ. गोळी म्हणून हिरवी तिरफळे वापरतात, तीच जी आपण बांगड्याच्या आमटीत टाकतो. दांडा नळीपेक्षा किंचित आखूड असतो आणि सारी युक्ती त्यातच आहे.

१. पहिले तिरफळ मागच्या तोंडातून घालून दांड्याने हळूहळू पुढच्या टोकापर्यंत सारावे. दांडा आखूड असल्याने ते बाहेर पडत नाही, तोंडाशी बूच होऊन बसते.

२. दांडा पूर्ण काढून घ्यावा आणि दुसरे तिरफळ मागून घालावे. ते नळीत घट्ट बसले पाहिजे. सैल बसले तर हवा निसटते आणि नुसता फुसका आवाज येतो.

३. नळीचे तोंड वर, रिकाम्या आकाशाकडे किंवा झाडाच्या शेंड्याकडे करावे.

४. दांडा एका दमात जोराने आत ढकलावा. मधली हवा दाबली जाते, पुढचे तिरफळ फट् करून सुटते आणि मागचे त्याच्या जागी बूच होऊन बसते. आता पुढच्या बारासाठी एकच तिरफळ लागते.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे पहिले तिरफळ जोराने ढकलणे. ते अडकत नाही, सरळ बाहेर पडते आणि माणूस नळीत डोकावून "काय झाले" पाहतो. भरलेल्या नळीत कधीही डोकावू नये. दुसरी चूक म्हणजे ठेचलेली तिरफळे पुन्हा वापरणे. त्यांचा रस नळीत साठतो आणि दांडा चिकटतो.

तिरफळाचा रस जिभेला लागला तर जीभ बधिर होते एवढेच, पण डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते. मी स्वतः दहा-बारा बार काढल्यावर त्याच बोटांनी कपाळावरचे पाणी पुसले आणि पुढची वीस मिनिटे एका अनोळखी घराच्या नळाखाली काढली. म्हणून चष्मा घालूनच फोटाश हातात घ्यावी आणि खेळ संपल्यावर आधी हात धुवावेत, मग तोंडाला लावावेत. डोळ्यात रस गेलाच तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे सतत धुवावे. आग थांबली नाही, धूसर दिसू लागले किंवा तिरफळाचा मारच डोळ्यावर बसला तर नदीपलीकडे डॉक्टरकडे जावे. तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी गोव्यात १०८ हा क्रमांक चालतो.

नेम कोणावर धरायचा, याचे संकेत आहेत. जो स्वतः फोटाश घेऊन उभा आहे आणि तुमच्याकडे पाहून हसतो आहे, त्याच्याशीच खेळावे आणि नेम कमरेखाली धरावा. बँडवाले, रस्त्यावरचे विक्रेते, म्हातारी माणसे, कडेवरची मुले, पोलीस आणि कुत्री यांच्यावर नेम धरू नये.

टप्पा ८: खाणे आणि पिणे

सकाळी भरपेट न्याहारी करून यावे. गावात टपऱ्या आणि घरगुती गाळे लागतात, पण दुपारी तीननंतर त्यांच्यापुढे गर्दी होते. चोरीस-पाव, कटलेट पाव, क्रॉकेट असे पदार्थ असतात. चोरीस हे गोव्याचे सॉसेज डुकराच्या मांसाचे असते आणि क्रॉकेटमध्ये बहुधा गोमांस असते, म्हणून जे हे खात नाहीत त्यांनी पैसे देण्यापूर्वी विचारावे, खाऊन झाल्यावर तोंड वाकडे करू नये. शाकाहारी माणसाने स्वतःजवळ काही ठेवणे शहाणपणाचे.

पिण्याबद्दल थोडक्यात सांगतो. गोव्यात मद्यप्राशनाचे कायदेशीर वय २१ आहे. काचेची बाटली रस्त्यावर आणू नये, कारण ती फुटली की चिखलात दिसत नाही आणि मिरवणुकीत अनेक मुले अनवाणी असतात. परतीच्या ओल्या फळीवर तोल सांभाळता येईल एवढ्यावर थांबावे. फेणीची बाटली महाराष्ट्रात नेण्यासाठी परवाना लागतो, आणि बांद्याजवळच्या इन्सुली तपासणी नाक्यावर "एकच तर आहे" हे उत्तर चालत नाही.

स्वच्छतागृहांची सोय अपुरी असते. महिलांनी मुक्कामाच्या ठिकाणाहून निघताना आणि जेवणाच्या वेळी हे काम उरकून घ्यावे. एखाद्या घरी विनंती केली तर सहसा नकार मिळत नाही, पण ती विनंती एकटीने किंवा दोघींनी करावी, आठ जणींनी दारात उभे राहून नव्हे. निघताना "देव बरें करूं" म्हणावे.

टप्पा ९: परतणे

अंधार पडल्यावर संगीत आणि नाच सुरू होतात आणि दिवसभर आखलेला बेत इथेच मोडतो. "अजून एक गाणे" असे म्हणत माणसे थांबतात आणि मंच बंद झाला की हजारो पाय एकाच वेळी धक्क्याकडे वळतात. टप्पा ५ मध्ये काढलेली निघण्याची वेळ झाली की गाणे कितीही रंगलेले असो, निघावे. ज्याला शेवटपर्यंत थांबायचेच आहे त्याने बेटावर खोली घेतलेली असावी, तिसरा मार्ग नाही.

निघताना आपला कचरा पिशवीत घालून पलीकडे न्यावा. बेटावर टाकलेला प्लास्टिकचा पेला पावसाच्या पाण्याबरोबर शेताच्या पाटात आणि तिथून मांडवीत जातो, आणि रविवारी सकाळी तो उचलायला वाकणारा माणूस काल तुम्हाला ओसरीवर बसू देणाराच असतो.

धक्क्यावरची रांग दोन प्रकारची असते, गाड्यांची आणि माणसांची. अंधारात पाहुणे गाड्यांच्या रांगेत उभे राहतात आणि का सरकत नाही म्हणून वैतागतात. माणसांनी कडेने पुढे जावे, पण उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे. बोट भरली असे कर्मचाऱ्याने सांगितले की मागे थांबावे, त्याच्याशी हुज्जत घालू नये आणि सुटणाऱ्या फळीवर उडी तर मुळीच मारू नये. नदीला त्या दिवसांत पाणी भरपूर असते आणि ओढही असते.

तपासणी: बोटीत पाऊल टाकण्यापूर्वी गटातली डोकी मोजावीत. एक कमी भरले तर सर्वांनी उतरून शोधत फिरू नये. एकाने ठरलेल्या जागी जावे आणि बाकीच्यांनी धक्क्यावरच, बाजूला उभे राहून थांबावे.

जुन्या गोव्याच्या बाजूला उतरल्यावर रिक्षा किंवा टॅक्सी तिथेच उभी असेल असे धरून चालू नये. सकाळी येतानाच एखाद्या चालकाशी भाडे आणि वेळ ठरवून त्याचा नंबर कागदावर घ्यावा आणि बेटावरून निघताना त्याला फोन करावा, कारण तुम्ही नदीत असताना तो पणजीहून निघाला तरच तुम्ही चढण चढून कमानीशी येईपर्यंत तो पोहोचतो.